मी पास केलेली तबकडी

८ नोव्हेंबर १९८२, सोमवार

गिरणी बंद पडली त्या दिवशी वही लिहिणंही बंद केलं होतं. आज नोकरी मिळाली, म्हणून वहीसुद्धा परत काढली.

विल्फ म्हणाला, "लिहिणार काय त्यात? 'आज दिवसभर टीव्ही बघितला'?"

नवरा चेष्टेत म्हणाला, पण काम तेच आहे. जुन्या गिरणीच्या जागेवर कंपनीने सिनेमाच्या तबकड्यांचा कारखाना काढलाय. गाण्याच्या तबकडीसारखीच तबकडी, पण चांदीसारखी चकचकीत. तिच्यावर सुई टेकत नाही, लेझरचा किरण फिरतो आणि टीव्हीवर सिनेमा दिसतो. धुळीचा कण आत राहिला की पडद्यावर पांढरा ठिपका लुकलुकतो. ते ठिपके मोजायचे, वीसच्या वर गेले की तबकडी नापास. अंधाऱ्या खोलीत एकोणीस पडदे आणि त्यांच्यासमोर आम्ही एकोणीस बायका, सगळ्या गिरणीतल्या.

मॅनेजर मिस्टर ऑर्मरॉड भाषणात म्हणाले, "लँकाशायरच्या बायकांसारखी नजर जगात कुठे नाही." रेनी ॲस्पडेन लांबून मला नुसत्या ओठांनी म्हणाली, "आणि इतक्या स्वस्तात तर नाहीच." मागांच्या खडखडाटात तीस वर्षं काढल्यावर आवाजाशिवाय बोलणं आणि ओठ वाचणं आम्हाला आपोआप येतं. ऑर्मरॉडला वाटलं, ती भारावून काहीतरी पुटपुटतेय.

पास तबकडीवर मारायचा शिक्का मला मिळाला सात नंबरचा. गिरणीतही कापड तपासायच्या टेबलावर माझा नंबर सातच होता.

१९ नोव्हेंबर, शुक्रवार

शंभर तबकड्या होतात आणि त्यातल्या ऐंशी आम्ही फेकतो. धूळ, सगळी धूळ. ज्या गावाने शंभर वर्षं कापसाचा धुरळा फुफ्फुसात भरला, त्या गावात धूळ नसलेली खोली बांधायला निघालेत हे लोक! आता पावडर बंद, केसांचा फवारा बंद, लोकरीचे स्वेटर बंद. रेनीला भुवया रंगवायलाही मनाई झाली. ती म्हणते, "नवऱ्याने ओळखलं नाही मला. खूश होता."

दोन्ही बाजू वेगळ्या छापतात आणि पाठीला पाठ लावून गोंदाने चिकटवतात. त्या गोंदाचा वास तपासणीपर्यंत येतो, संध्याकाळी डोकं चढतं.

आज एक तबकडी दाबयंत्रावरच्या माणसांनी पुन्हा माझ्यापुढे आणली. म्हणाले, "एवढं काय बघतेस, घरी कोण मोजत बसणार आहे?" मी म्हटलं, "मी मोजीन." नापास केली.

२३ डिसेंबर, गुरुवार

नाताळच्या सोडतीत माझा नंबर निघाला. तबकडी वाजवायचं यंत्रच मिळालं! विल्फला दम्याच्या पंपाखेरीज कुठलं यंत्र मिळालं नव्हतं आजवर. शिवाय एक तबकडी आपल्या पसंतीची घ्या म्हणाले. मी ढिगातून माझ्या शिक्क्याची शोधून काढली. हेरिंग मासे पकडायला जाणाऱ्या बोटींचा सिनेमा आहे. दोन डिसेंबरला मी तपासली होती. माझ्या नोंदीत लिहिलंय: दोन्ही बाजू, ठिपके शून्य. अशी सबंध कारखान्यात एकच निघाली होती.

२६ डिसेंबर, रविवार

तीनदा पाहिला. विल्फला समुद्राचं वेड. आता छातीमुळे जवळच्या मोरकॅमच्या किनाऱ्यापर्यंतसुद्धा जाणं होत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेला तरी दोनदा भिंतीला टेकतो. खुर्चीत बसून प्रत्येक लाटेला "अहाहा" करत होता. मी त्याला सांगितलं, "समुद्र नको बघूस, पडदा बघ. एक तरी ठिपका दाखव मला."

"नाही बाई, एकही नाही," तो म्हणाला. "राणीला नजर केली तरी चालेल अशी आहे."

"पास कोणी केलीय?"

"सात नंबरने."

फार बरं वाटलं. गिरणी गेली तेव्हा वाटलं होतं, आता ह्या डोळ्यांचा कोणाला उपयोग नाही.

६ फेब्रुवारी १९८३, रविवार

आज दुपारी सिनेमा बघताना बोट बंदरातून निघते तिथे मला ठिपका दिसला. मग आणखी दोन, मग शिडाजवळ चार-पाच एकदम. मी विल्फकडे पाहिलं. तो पडद्याकडेच बघत होता.

मी सहज विचारल्यासारखं केलं, "काही दिसलं का रे तुला?"

त्याने खुर्चीत कूस बदलली. "कुठे?"

"ठिपके."

"छे. तू पास केलेली तबकडी आहे ही. तिच्यात कुठून येणार ठिपके?" आणि खोकायला लागला.

म्हणजे मलाच दिसले. आज झोप नीट झाली नव्हती, त्यामुळे असेल.

१७ फेब्रुवारी, गुरुवार

दुकानांतून तबकड्या परत यायला लागल्या आहेत. खोकीच्या खोकी. पडद्यावर बर्फ पडतो म्हणून गिऱ्हाइकांची तक्रार. आज ऑर्मरॉडने आम्हाला सगळ्यांना उभं करून विचारलं, "ह्या तुमच्या डोळ्यांखालून गेल्या कशा?"

रेनी आमची युनियनची प्रतिनिधी. तिने सुनावलं, "आमच्याकडून गेल्या तेव्हा ठीक होत्या."

"मग दुकानात काय झालं? उंदरांनी खाल्ल्या?"

कोणी हसलं नाही. परत आलेल्यांवरचे शिक्के मी पाहिले. त्यांत चौदांवर सात नंबर होता.

रेनीची बाजू घ्यायला हवी होती, पण घेतली नाही. कारण ऑर्मरॉड बोलला तेच मी एकतीस वर्षं मागावरच्या बायकांना सुनावत आले. दोष निघाला की बाईला टेबलाशी बोलवायचं, भोकावर बोट ठेवायचं. ती म्हणायची, "माझ्या मागावरून उतरलं तेव्हा नव्हतं हो." मी म्हणायचे, "कापडाला आपोआप भोक पडत नाही." आहे म्हणजे आधीपासून होतं, कोणीतरी पाहिलं नाही. दंड लिहायचा. एलन डक्वर्थ तर माझ्या टेबलाशी रडली होती. मी तरीही लिहिला.

१३ मार्च, रविवार

आता ठिपके मोजता येत नाहीत. सबंध समुद्रावर भुरभुर. मी काही बोलत नाही. विल्फ रोज दुपारी हाच सिनेमा लावायचा, आता दोन आठवडे लावत नाही. म्हणतो रेडिओ बरा. मीच आज हट्टाने लावायला सांगितला, डोळ्यांची परीक्षा म्हणून.

अर्ध्यात तो आपल्याशीच म्हणाला, "आज बर्फ वाढलाय."

मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर लख्ख ऊन होतं.

"कुठला बर्फ?"

"अं? नाही, मागच्या वर्षीचं आठवलं," तो म्हणाला आणि उठून चहा टाकायला गेला. जिना चढून दमणारा माणूस, आपण होऊन चहा टाकायला! फार प्रेमळ झालाय हल्ली. वयाने असेल. पण मनाने जरा भरकटायला लागलाय, त्याची काळजी वाटते.

२२ मार्च, मंगळवार

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. कारखान्यात दात दुखतोय म्हणून सांगितलं. डॉक्टरने दिवा मारून पाहिलं, अक्षरं वाचून घेतली. शेवटची ओळसुद्धा मी घडाघडा वाचली. म्हणाला, "ठिपके म्हणता ते पन्नाशीनंतर सगळ्यांनाच दिसतात. काळे, तरंगणारे. काळजी करू नका."

माझे पांढरे आहेत आणि तरंगत नाहीत, जागच्या जागी लुकलुकतात. भिंतीकडे पाहिलं तर दिसत नाहीत, सिनेमा लावला की दिसतात. हे सांगावं असं वाटलं, पण बाहेर पाच माणसं बसली होती आणि डॉक्टरला शिकवणारी मी कोण?

म्हणजे डोळेच. मला आता नक्की कळलं. घरी येताना बसमध्ये डोळे मिटून बसले आणि रडू आलं. एवढी एकच गोष्ट होती माझ्याकडे. शिक्षण नाही, रूप तर कधीच नव्हतं. पण डोरिसच्या नजरेतून धागा सुटत नाही, असं सगळं गाव म्हणायचं.

११ एप्रिल, सोमवार

लंडनकडून एक इंजिनिअर आलाय, मिस्टर टिंडल. डोक्यावर केस नाहीत, बुटाची नाडी सुटलेली, पण माणूस बोलायला साधा. तपासणीत आला आणि आमच्यातच स्टूल ओढून बसला. त्याने परत आलेली एक तबकडी दोन भागांत सोलून आणली होती. आतल्या चकाकीवर बारीक बारीक डाग, देवीच्या वणांसारखे.

"गोंदातून हवा आत शिरते असं मला वाटतं," तो म्हणाला. "आतला मुलामा हळूहळू गंजतो. म्हणजे तुमच्याकडून जाते तेव्हा तबकडी चांगलीच असते. खराब नंतर होते. तसं असेल तर गोंद बदलेपर्यंत सगळं काम थांबवायला हवं. पण वरचे लोक पुरावा मागतात."

"कसला पुरावा?" रेनीने विचारलं.

"पहिल्या दिवशी जिची नीट नोंद झालीय आणि ज्या माणसाने नोंद केली त्यानेच ती नंतर खराब होताना पाहिलीय, अशी एक तबकडी. एक जरी मिळाली तरी मी भांडू शकतो."

मी मान खाली घातली. आपोआप खराब होते म्हणे! कापडाला कसर तरी लागते, बंद तबकडीला काय लागणार? भला माणूस आहे, आम्हाला वाचवायला बघतोय, पण पुस्तकी. आणि माझी तबकडी काढून दाखवायची कशी? ती चांगलीच आहे. विल्फला स्वच्छ दिसते. मी दाखवली की सगळ्यांसमोर ठरणार, डोरिस कॅटलोला दिसत नाही. रेनीला एकटीला विचारावं असं मनात आलं, पण रेनीला सांगणं म्हणजे गावात दवंडी पिटणं.

१४ एप्रिल, गुरुवार

उद्या सकाळी मीटिंग. माझे शिक्के सगळ्यांत जास्त, म्हणून मलाही बोलावलंय. विल्फला काही सांगितलं नाही. काळजीने त्याची छाती भरते.

जेवणानंतर सिनेमा लावला आणि त्याला समोर बसवलं. पडद्यावर बोट दिसत नव्हती, नुसती भुरभुर.

"विल्फ, खरं सांग. तुला ठिपके दिसतात का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग हातातल्या कपाकडे. "एकसुद्धा नाही, डोरिस. आईची शपथ."

"अगदी स्वच्छ?"

"काचेसारखं. तू पास केलेली आहे ना?"

आईची शपथ तो कधी घेत नाही. शेवटची आशा होती, तीही गेली.

१५ एप्रिल, शुक्रवार

जसं झालं तसं लिहिते.

टेबलावर चहा, चॉकलेटची बिस्किटं. ऑर्मरॉड, टिंडल, रेनी, मी आणि मुख्य कचेरीतून आलेले दोन कोटवाले. टिंडलने गोंदाचं सांगितलं. एक कोटवाला म्हणाला, "ही सगळी थिअरी झाली."

तेवढ्यात रेनी ओरडली, "डोरिसच्या घरी आहे की एक! नाताळची! हिनेच तपासलेली, शून्य ठिपके! डोरिस, सांग ना त्यांना, कशी आहे ती आता?"

तिला वाटलं, माझ्यावर उपकार करतेय.

टिंडल खुर्चीतून अर्धा उठला. "मिसेस कॅटलो? खरंच? आता ठिपके दिसतात का तिच्यावर?"

"दिसतात," मी म्हणाले.

"किती?"

"मोजता येत नाहीत."

त्याचा चेहरा असा उजळला की मला त्याच्याकडे बघवेना. ऑर्मरॉडने बिस्किट खाली ठेवलं आणि हळूच विचारलं, "घरात आणखी कोणी बघतं का तो सिनेमा?"

"माझा नवरा."

"त्यांना दिसतात ठिपके?"

खोटं बोलता आलं असतं. विल्फला ते कुठे विचारायला जाणार होते? पण टेबलाशी उभं राहून खोटं बोलणाऱ्या बायका मी जन्मभर पाहिल्या आणि मनातून त्यांना तुच्छ मानलं.

"नाही," मी म्हणाले. "त्याला एकही दिसत नाही. काल शपथ घेऊन सांगितलं त्याने. मी डॉक्टरकडेही गेले होते. दोष माझ्या डोळ्यांचा आहे."

टिंडल म्हणाला, "अहो, पण नसलेले ठिपके बघणारा डोळा असलेले ठिपके सोडेल कसा? हे उलटं आहे! ती तबकडी आत्ताच्या आत्ता आणू या, मी स्वतः बघतो."

"बाईंनी स्वतः मान्य केलंय," ऑर्मरॉड म्हणाला. "डोळा बिघडला की बिघडला. उगाच त्यांना आणखी लाजवू नका." फार सभ्यपणे म्हणाला तो. मग कागद आला: तपासणी विभागातील सदोष दृष्टीमुळे खराब माल बाहेर गेला, इत्यादी.

समोरून रेनी ओठांनी म्हणत होती, "नको. सही नको. डोरिस, नको." मी वाचलं, पण वाचलं नाही असं दाखवलं. खाली सही केली. एलन डक्वर्थला मी ज्या न्यायाने दंड लिहिला, तोच न्याय मला लावायला नको? निदान मी रडले नाही.

२९ एप्रिल, शुक्रवार

एकोणीसच्या एकोणीस जणींना घरी पाठवलं. मला वाटलं होतं, एकटी मी जाईन. "विभागावरचा विश्वास उडाला" म्हणे. ठिपके आता यंत्र मोजणार. टिंडलची बदली झाली, जाताना माझ्याशी हात मिळवला. गोंद तोच आहे. दाराशी वास आला.

संध्याकाळी मासे-चिप्सच्या दुकानात रांगेत रेनी होती. मी ओठांनी म्हटलं, "चुकलं माझं." तिने मान फिरवली. ओठांची बोली बंद करायला एवढंच पुरतं.

९ मे, सोमवार

कंपनीची गाडी आली होती. जुन्या सगळ्या तबकड्या परत घेऊन चुरा करणार आहेत. मी बोटींचा सिनेमा कागदात गुंडाळून दिला. विल्फ बाहेर धावला, म्हणजे त्याच्या परीने धावला, आणि माणसाला म्हणाला, "ती राहू दे! ती द्या इकडे!" पायरीवरच श्वास कोंडला त्याचा. तोवर गाडी वळली होती.

एवढा जीव होता त्याचा त्या सिनेमावर, मला कल्पना नव्हती. पण मग तो इतके दिवस लावत का नव्हता, कोण जाणे.

२२ मे, रविवार

आज दुपारी विल्फने रेडिओ बंद केला आणि म्हणाला, "डोरिस, बस इथे."

परवा रेनी घरी येऊन गेली, मी बाजारात होते तेव्हा. मीटिंगमध्ये काय झालं ते सगळं तिने त्याला सांगितलं. तो पांढराफटक दिसत होता.

"मला दिसत होते," तो म्हणाला. "ठिपके. पहिल्या दिवसापासून, तुला दिसले तेव्हापासून. फेब्रुवारीत दहा-बारा होते, नंतर सगळा बर्फच. नाताळात मात्र एकही नव्हता, देवाशपथ. तू किती मिरवत होतीस त्या तबकडीला! मला वाटलं, कशाला तुझं मन मोडायचं? म्हणून नाही म्हणालो. तू तसं सांगायला जाणार आहेस हे मला माहीत असतं तर... तुझे डोळे चांगले आहेत गं. तुझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही."

आणि रडायला लागला. चौतीस वर्षांत त्याला मी आईच्या मयतीला एकदाच रडताना पाहिलं होतं. खोकला आणि रडणं एकदम, मला भीती वाटली. पंप आणून दिला, पाठ चोळली.

किती जुळवून आणलंय बिचाऱ्याने. रेनीने येऊन सांगितल्यावर दोन दिवस खुर्चीत बसून हेच रचत बसला असणार: फेब्रुवारीत दहा-बारा, मग बर्फ. तबकडीचा चुरा झालाय, आता कोण पडताळणार? आईची शपथ घेऊन खोटं बोलणारा माणूस नव्हे तो. म्हणजे एप्रिलमधलं खरं आणि आजचं खोटं. लग्नानंतर पहिल्यांदा तो माझ्याशी खोटं बोलला, तेही मला माझे डोळे परत द्यायला. ह्याहून जास्त कोणी माझ्यासाठी केलेलं नाही.

तो विचारत होता, "पटतंय ना तुला? डोरिस, पटतंय ना?"

मी त्याचे हात धरले आणि म्हटलं, "पटतंय."

एवढं खोटं मलाही बोलता येतं.